मी बंद करायला सांगितलेली गोळी

आमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक चिठ्ठी आधी काढत नाही. आधी मागे वळून बघतं. रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही, शेजारी उभा असलेला माणूस खोकल्याचं औषध घेऊन निघाला आहे, याची खात्री झाली की खिशातली घडी घातलेली चिठ्ठी काउंटरवर येते, तीही पालथी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत बावीस वर्षं माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना आहे. त्यामुळे माझी निम्मी कपाटं मेंदूवरच्या औषधांनी भरलेली असतात. लोक त्यांना डोक्याच्या गोळ्या म्हणतात. चिठ्ठीशिवाय त्या द्यायच्या नाहीत, चिठ्ठीवर शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची आणि खाकी पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहून द्यायचं, एवढं माझं काम. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सूर्य किंवा चंद्र काढून देतो. चंद्र मला बरा जमतो.

दिवाळी अंकासाठी गमतीदार गिऱ्हाइकांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. गमती आहेत. एका सुनेनं घरात कळू नये म्हणून आपल्या गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. सासूनं गुडघ्यासाठी म्हणून त्यातल्या चार दिवस खाल्ल्या, दुपारी ढाराढूर झोपू लागली, आणि आठवड्यानं माझ्याकडे येऊन म्हणाली, "ते कॅल्शियम द्या की. गुडघं हायत का न्हाईत कळंना झालंय, इतकं भारी हाय." सुनेला मी बाजूला घेऊन सगळं समजावलं. शेवटी तिनं घरात खरं सांगितलं, तेव्हा ती सासूच म्हणाली, "अगं मग आधी सांगायचं की! मला बी देत जा जरा."

पण मला लिहायचं आहे ते वेगळं. ते गमतीदार नाही.

वरचा डॉक्टर आणि मी, दोघं पेठ वडगावचे. त्याला इथं विजय म्हणतो, हे त्याचं खरं नाव नाही. बारावीला एका बाकावर होतो. तो शेतकरी मराठ्यांच्या घरातला, मी शेतकरी जैनांच्या. दोघांच्या वडिलांचा ऊस एकाच पाटाच्या पाण्यावर. विजयचं जीवशास्त्र चांगलं होतं, रसायनशास्त्र मात्र त्याच्या डोक्यावरून जायचं. ते त्याला मी शिकवलं. एसटीत, बांधावर, त्यांच्या गोठ्यात बसून शिकवलं. बारावीला दोघांचेही मार्क मेडिकलला कमी पडले. त्यानं एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिली आणि लागला. मी थांबलो नाही, फार्मसीला गेलो. मला कुणी अडवलं नव्हतं. पुन्हाही मार्क कमी पडले तर गावात काय तोंड दाखवू, या भीतीनं मी गेलो. पुढे कित्येक वर्षं मात्र मी बायकोला, पाहुण्यांना सांगत आलो की घरच्या परिस्थितीमुळे थांबता आलं नाही. हे लिहिताना पहिल्यांदा खोडतो आहे.

त्यानं वर दवाखाना काढला तेव्हा खालच्या गाळ्याचं मला त्यानंच सांगितलं. "भूप्या, तू खाली असलास की मला काळजी नाही," म्हणाला. हे प्रेमानंच म्हणाला. पण पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं उभी असताना जिन्यातून उतरता उतरता तो "काय भूप्या!" म्हणायचा आणि मी सगळ्यांदेखत "या डॉक्टर" म्हणायचो. त्याला वाटत असेल मित्राला हाक मारतोय. मी मान खाली घालून पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहू लागायचो.

मत्सर फार मोठ्या गोष्टींवर पोसला जातो, असं नाही. वडगावचेच एक गृहस्थ एकदा दुकानात आले. मुलगी बारावीला, रात्रंदिवस जागते, तरी वाचलेलं आठवत नाही, मार्क घसरत चाललेत. "पावणं, हुशारीची गोळी द्या एखादी. डोस्कं पळाय पायजे तिचं." मी त्यांना अर्धा तास सांगितलं. म्हटलं, वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. दिवसभर मेंदूत नव्या वाटा उमटतात, झोपेत त्या घट्ट होतात. झोप मारली की वाट पुसली जाते. वर सारखी भीती घातली की शरीरात भीतीची रसायनं वाढतात, आणि ती वाढली की पाठ असलेलंही ऐन वेळी आठवत नाही. पोरीला झोपू द्या, ओरडू नका, जमलं तेवढ्याचं कौतुक करा. कौतुकानंसुद्धा मेंदूत एक रसायन पाझरतं आणि तेच माणसाला पुन्हा पुस्तकाकडे ओढून आणतं.

गृहस्थ म्हणाले, "गोळी न्हाय म्हणा की तुमच्याकडं. उगं व्याख्यान कशाला देतायसा?"

आणि वर गेले. पाऊण तासानं हसत खाली आले. "काय माणूस हाय ओ तुमचा डॉक्टर! पोरीला झोपू द्या म्हणला. काय डोस्कं! गोळी न्हाय, काय न्हाय. असा डॉक्टर बगितला न्हवता."

मी मान डोलावली. त्या दिवशी जेवलो नाही.

खरं तर आमच्या कामातला अभिमानाचा भाग दुसरा आहे. उदासीवरच्या गोळ्या ताप उतरवणाऱ्या गोळ्यांसारख्या नसतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, तोंड कोरडं पडतं, झोप बिघडते, आणि बरं काहीच वाटत नाही. फरक पडायला दोन-तीन आठवडे जातात, कधी जास्तच. डॉक्टर महिन्यानं बोलावतो. म्हणजे त्या मधल्या कठीण दिवसांत पेशंट डॉक्टरकडे नसतो, माझ्या काउंटरशी असतो. चौथ्या दिवशी येऊन पाकीट आपटतो, "काय फरक न्हाय ओ, उलट वांती व्हायला लागलीया." त्याला थोपवून धरायचं काम मी केलेलं आहे. किती जणांना मी "अजून दहा दिवस, माझ्यासाठी घ्या" म्हणून परत पाठवलं असेल.

त्यासाठी मी एक उदाहरण शोधून काढलं होतं. इकडे उसाला पाणी पाजताना पाटातून एकेका सरीत पाणी सोडतात. सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात आणि ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी सांगायचो, मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते घेते, तेव्हा निरोप पोचतो. उरलेलं रसायन पहिली पेशी परत ओढून घेते. तुमच्या डोक्यात ही दारं नीट धरली जात नाहीत, सरीतलं पाणी मुरायच्या आत ओढलं जातंय. ही गोळी ते ओढणं कमी करते. पाणी जरा जास्त वेळ सरीत राहतं. मुरू द्या, मग कोंब दिसेल.

लोकांना हे पटायचं. विजयलाही मी एकदा ऐकवलं. तो खूश झाला. "झकास आहे रे," म्हणाला. मग म्हणाला, "पण एक लक्षात ठेव. मेंदू म्हणजे हौद नव्हे, की पातळी खाली गेली, ओतलं आणि झालं. रसायन तर पहिल्या काही दिवसांतच वाढतं, माणूस बरा व्हायला आठवडे लागतात. मधे आणखी बरंच काही घडतं, त्यातलं सगळं आम्हालाही कळलेलं नाही. म्हणून तर बरं वाटल्यावरही कितीतरी महिने गोळी चालू ठेवावी लागते."

मी 'झकास' एवढंच ऐकलं.

आता दिनकर. हेही बदललेलं नाव. राधानगरीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचा सचिव. चाळिशीतला, काटक, बोलायला मोकळा माणूस. रोज पहाटे संस्थेचं कुलूप काढायचं, लोकांचं दूध मापायचं, फॅट लावायची म्हणजे दुधातला स्निग्धांश तपासायचा, नोंदी करायच्या, आणि डेअरीची गाडी यायच्या आत कॅन भरून तयार ठेवायचे. पंधरा वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. आणि मग एका पावसाळ्यात त्याला अचानक नोंदी जमेनात. समोरचा आकडा वाचायचा आणि लिहीपर्यंत विसरायचा. जेवण नको, बोलणं नको. बायकोनं, सुरेखानं, त्याला हाताला धरून इथं आणलं तेव्हा तो माझ्या काउंटरवरच्या काचेकडे टक लावून उभा होता. मी विचारलं, नाव काय? तेही सांगायला त्याला वेळ लागला.

विजयनं औषध सुरू केलं. मधले आठवडे मी काढून दिले. दिनकर चार वेळा गोळ्या सोडायला निघाला, चार वेळा मी त्याला सरीची गोष्ट सांगून परत पाठवला. तिसऱ्या महिन्यात तो एकटा आला आणि लांबूनच ओरडला, "अण्णा, फॅट लावतोय बगा आता! काल चेअरमनची चूक मी काढली!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या हातात खरवसाचा डबा होता. म्हैस व्यायली होती. मी काउंटरवर जागा केली. तो म्हणाला, "डॉक्टरास्नी देऊन येतो," आणि जिना चढून गेला.

यात त्याची काय चूक? बरं करतो तो डॉक्टर. पण मी त्या रिकाम्या केलेल्या जागेकडे बराच वेळ बघत होतो.

पुढे काही महिन्यांनी जवळच्या एका सभागृहात विजयचं 'मेंदू आणि मन' असं व्याख्यान झालं. मी गेलो नाही, दुकान उघडंच ठेवलं. दिनकर त्या दिवशी गोळ्या न्यायला आला होता, तो ऐकून आला. चेहरा नुसता फुललेला.

"अण्णा, तुम्ही याय पायजे हुतं! काय सांगिटलं डॉक्टरांनी! पाट, सरी, दारं. समदी माणसं टाळ्या वाजवाय लागली. शेतकऱ्याच्या डोस्क्यात लगीच शिरतंय असलं."

मी म्हटलं, "तुम्हाला ते आधी कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच की. पण डॉक्टर कसं सांगत्यात! तुम्ही बी त्यांचंच ऐकून सांगत असणार की."

पाकिटावर लिहीत होतो, हात थांबला. दिनकर खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "एक इचारू का? आता मला कायबी हुईत न्हाय. मेव्हणा म्हनतोय, किती दिस खातोस, सवय लागंल. मग माझी सरी आता भरली असंल की?"

इथं मला "वर जाऊन विचारा" म्हणायचं होतं. बावीस वर्षांत हजार वेळा म्हटलेलं वाक्य. त्याऐवजी मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "भरली."

"व्हय?"

"भरलेल्या सरीत पाणी सोडत राहिलं तर ऊस कुजतो. आठवडाभर एक दिवसाआड घ्या आणि मग बंद करा. डॉक्टर लोक जरा लांबवतातच. वर सांगायला जाऊ नका, घरीही नको, उगाच घाबरतील. मी आहे."

दिनकरनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्यानं आजवर जिन्याकडे बघितलेलं मी पाहिलं होतं. "अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणजे लई मोठी माणसं." पुढच्या आठवड्यात गावच्या कुणाबरोबर माझ्या नावानं खरवसाचा डबा आला. मी तो खाल्ला. चांगला लागला. हे लिहायची लाज वाटते, पण खूप चांगला लागला.

विजयनं त्याला तीन महिन्यांनी बोलावलं होतं. दोन महिनेच झाले. एका सकाळी संस्थेच्या दारात कॅन घेऊन माणसं ताटकळत उभी राहिली आणि कुलूप निघेना. हाका मारून झाल्या. मग लोक शोधायला पांगले. दिनकर धरणाच्या पाण्याच्या कडेला बसलेला सापडला. चपला बाजूला काढून ठेवलेल्या. दोघांनी त्याला उठवलं तेव्हा तो त्यांच्याबरोबर चालत घरी आला. लोक वेळेत गेले म्हणून वाचला.

सुरेखा त्याला घेऊन आली त्या दिवशी तिनं काउंटरवर दोन्ही हात टेकले. "अण्णा, गोळ्या वेळच्या वेळी घेत हुते ओ. मी रोज इचारत हुते, व्हय म्हनत हुते. मग असं कसं झालं?"

दिनकर मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, अगदी थोडी. घाबरू नका, तुमचं नाव घेतलेलं नाही, असं तो मला सांगत होता. मरणाच्या काठावरून आलेला माणूस मला धीर देत होता.

ते वर गेले. तासाभरानं सुरेखा चिठ्ठी घेऊन खाली आली. जुनं औषध रद्द. त्या जागी दुसरं, जास्त जड. सोबत मिरजेच्या मोठ्या दवाखान्यासाठी पत्र, लगेच दाखल करा म्हणून. "तिकडं नेऊन शॉक द्याय लागतील म्हनत्यात," सुरेखा म्हणाली. "म्हशी कुणाच्या गळ्यात घालू? आन् संस्थेत दुसरा मानूस बसवायचं चाललंय. ह्येंची खुर्ची गेली तर ह्ये परत उठायचं न्हाईत ओ."

ज्या माणसावर जुनं औषध उत्तम चाललं होतं त्याला, ते चाललं नाही असं समजून, हे सगळं सोसायला लागणार होतं. आणि ते चाललं होतं, हे कोल्हापुरात दोनच माणसांना ठाऊक होतं. मी चिठ्ठी हातात घेऊन जिना चढलो.

दिनकर बाहेरच्या बाकावर होता. विजय आत एकटा, चष्मा काढून बसलेला. म्हणाला, "भूप्या, माझा अंदाज साफ चुकला. गोळी लागूच पडली नाही. मला वाटत होतं माझी सगळ्यात चांगली केस आहे."

हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. बाहेर दिनकर तसा बसलेला असताना मला बरं वाटलं. त्या क्षणाचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही.

मग मी म्हणालो, "लागू पडली होती. त्यानं बंद केली होती."

"तुला काय माहीत?"

"रजिस्टरला दोन महिने नोंद नाही."

हे खरं होतं. आणि यापेक्षा खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

विजय उठलाच. दिनकरला आत बोलावलं. घाबरलेला माणूस जसा चिडतो तसा तो चिडला होता. "दिनकरराव, तुम्हाला शिकलेलं माणूस समजत होतो. स्वतःच्या मनानं गोळी बंद करता? कुणी सांगितलं हा शहाणपणा करायला? बायकोला खोटं सांगता? काय झालं असतं कळतंय का?" सुरेखा तोंडावर पदर धरून रडत होती आणि "असं का केलंसा ओ" म्हणून नवऱ्याच्या दंडावर मारत होती.

दिनकरनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होतो.

"चुकलं, डॉक्टर," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

मिरजेचं पत्र विजयनं परत घेतलं. जुनं औषध पुन्हा सुरू केलं, गोळ्या सुरेखाच्या ताब्यात दिल्या, दिनकरला एकटं सोडायचं नाही असं बजावलं आणि सुरुवातीला दर आठवड्याला बोलावलं. तो सावरला. संस्थेत गावानं दीड महिना त्याची जागा राखली. आता तो पुन्हा कुलूप काढतो. गोळ्या नियमानं नेतो. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, आणि तेच मला सोसत नाही. तोंडावर दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विजय आता व्याख्यानात सरीच्या उदाहरणाला जोडून एका सचिवाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. अतिशहाणपणानं गोळी बंद करणारा आणि मरता मरता वाचलेला. मागच्या वर्षी मी ते मागच्या रांगेत बसून ऐकलं. लोक हसले.

हा लेख लिहून झाल्यावर संपादकांकडे पाठवायच्या आधी मी तो वर नेला. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. विजयनं सगळा वाचला. मध्ये एका पानावर परत गेला. मला वाटलं तो बारावीचं काही बोलेल, किंवा उद्यापासून खालच्या दुकानात चिठ्ठ्या पाठवणार नाही म्हणेल. ते त्यानं म्हणावं अशी माझी तयारी होती.

तो म्हणाला, "दिनकरला मी बायकोसमोर बोललो रे."

आणि फोन उचलून लावला. सुरुवातीचं बोलणंही केलं नाही. "दिनकरराव, मी डॉक्टर बोलतोय. त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. तुमची चूक नव्हती. मला माफ करा. आणि वहिनींनाही सांगा, नाहीतर द्या त्यांना, मीच सांगतो."

एवढंच. अर्धा मिनिट. जे मला दोन वर्षं जमलं नव्हतं, रोज जिना डोक्यावर असून जमलं नव्हतं, ते ह्यानं स्वतःची चूक नसताना अर्ध्या मिनिटात करून टाकलं. त्याच्या पदवीचा, त्याच्या पाटीचा, त्याच्या टाळ्यांचा मी इतकी वर्षं हेवा केला, पण तो सगळा मिळून त्या अर्ध्या मिनिटाच्या हेव्याएवढा नव्हता.

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "घे, भूप्या."

मी घेतला. पलीकडे कॅन ठेवल्याचा आवाज आला. "कोण? अण्णा?" दिनकर म्हणाला. "तुम्ही कशाला सांगिटलंसा ओ? मी कुणाला बोललो न्हवतो."

"म्हणूनच," मी म्हणालो. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर आवाज येईना. दिनकर थांबला. त्याला सवय होती, एके काळी त्यालाही शब्द सापडत नव्हते आणि मी थांबत होतो.

"सावकाश बोला अण्णा," तो म्हणाला. "मी हाय."